पाककृतींच्या अंकातल्या जाहिराती: तुम्ही वाचता, उलटता की वैतागता?

कोथिंबीरवडी

परवा सांगलीला आईकडे माळा आवरत होते. एका ट्रंकेत तिने जपून ठेवलेले जुने पाककृती विशेषांक आणि दिवाळी अंक निघाले. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, मधूनच हळदीचे आणि तेलाचे डाग. दोन तास तिथेच फतकल मारून बसले.

एका अंकात चकलीच्या पानाला खालच्या कोपऱ्यात चौकोनी भोक होतं. उंदराने नाही, कात्रीने केलेलं, अगदी रेघेवरून. पान उलटलं तर मागे वनस्पती तुपाची जाहिरात: हे कूपन कापून पाठवा, पाककृतींची पुस्तिका मोफत मिळवा. आईने कूपन कापलं, पाठवलं आणि त्याबरोबर चकलीच्या शेवटच्या चार ओळीही पोस्टाने गेल्या. भाजणीचं प्रमाण पूर्ण आहे. उकड काढायला सांगितली आहे. "उकळत्या पाण्यात तिखट, मीठ, हिंग, तीळ आणि" इथे कात्री. नेमकं मोहनाचं, म्हणजे पिठात घालायच्या तेलाचं, प्रमाण गेलं!

तरीही त्या जाहिराती बघताना मला राग आला नाही. उलट मजा आली. मिक्सर, कुकर, कस्टर्ड पावडर, नऊवारी नेसलेली बाई आणि तिच्या हातात चकचकीत डबा. जाहिरात होती ती जाहिरातच दिसत होती.

राग आला तो परतताना एसटी स्टँडवर घेतलेला नवा अंक वाचताना. पंचवीस पाककृतींपैकी निदान दहांमध्ये साहित्याच्या यादीतच एका कंपनीचं नाव. "अमुक मसाला २ पाकिटे, अमुक आलं-लसूण पेस्ट ३ चमचे, अमुक क्रीम १ पाकीट." त्या पाकिटात धने किती, मिरची कोणती, काही कळायला मार्ग नाही. ती पाकृ मी पाकीट न आणता करूच शकत नाही. मग हिला पाकृ म्हणायचं की जाहिरात?

मला जाहिरातींचं वावडं नाही. जाहिरातीने शेजारच्या पानावर बसावं, माझ्या पातेल्यात उतरू नये, एवढंच म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

पोळपाट

+१. शेवटून दुसरं वाक्य तर फ्रेम करून लावावं असं आहे.

दाणेकूट

मी उलट्या बाजूने बोलतो. दोन वर्षांपूर्वी बदलीमुळे नाशिकला एकटा राहायला लागलो तेव्हा स्वयंपाकाचा स पण येत नव्हता. "चवीनुसार मीठ", "अंदाजाने पाणी", "खमंग वास येईपर्यंत" हे वाचून रडकुंडीला यायचो. खमंग म्हणजे नेमकं कधी? त्या काळात "एक पाकीट घाला" हे एकच वाक्य मला समजायचं. पाकिटाने मला उपाशी ठेवलं नाही. आता मी गोडा मसाला घरी भाजतो, पण सुरुवात पाकिटावरच झाली. त्यामुळे नाव छापलं म्हणून एवढं चिडण्यासारखं काही वाटत नाही.

कोथिंबीरवडी

@दाणेकूट, तुमचा मुद्दा पटला. पाकीट वापरण्याला माझी हरकत नाहीच, मीही वापरते. पण मग त्याच पाककृतीखाली एक ओळ द्यावी: पाकीट नसेल तर धने एवढे, जिरे एवढं, मिरची एवढी. ती ओळ मुद्दाम गाळलेली असते, तिथे मला खटकतं.

मुक्काम_डोंबिवली

आमच्या घरी अंक आला की आई आधी जाहिराती बघायची आणि मग पाककृती. वडील चिडवायचे. ती म्हणायची, "पाककृती मला येतात, बाजारात नवीन काय आलंय ते कसं कळणार?" आमच्याकडे टीव्ही नव्हता, दुकान म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. घरात सुमीतचा मिक्सर आला तो अशाच एका जाहिरातीचं पान तीन वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवल्यावर. वडिलांच्या बोनसमधून. पहिली चटणी वाटली तेव्हा शेजारच्या दोन काकू बघायला आल्या होत्या आणि आजी पाट्याकडे बघत गप्प बसली होती. आज मिक्सर नाही, आजीही नाही, पण त्या दाराच्या आतल्या बाजूला खळीचे डाग अजून आहेत.

खलबत्ता

सगळे आठवणींत रमलेत म्हणून स्पष्ट लिहितो. जुन्या जाहिराती निष्पाप होत्या हे मला मान्य नाही. डालडा १९३७ साली आला आणि पुढची कित्येक दशकं वनस्पती म्हणजे तुपाइतकंच पौष्टिक असं आपल्या आया-आज्यांच्या मनावर ठसवलं गेलं. डालडाच्या जाहिरातींत गृहिणींसाठी सल्ला सेवा असायची, मुंबईच्या पोस्ट बॉक्सवर पत्र पाठवायचं. त्या काळाच्या मानाने फार हुशारीचं काम होतं ते. पण अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा देशात लागू झाली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात करंजी-शंकरपाळ्यांतून आपण ते किती खाल्लं याचा हिशोब कोण देणार? तेव्हा मासिकांनी एक पान जाहिरातीला दिलं, तसं एक पान आहारतज्ज्ञाला दिलं असतं तर?

वऱ्हाडी_ठेचा

खलबत्ता भाऊ, एक दुरुस्ती. त्या काळी डॉक्टर लोकसुद्धा वनस्पतीला वाईट म्हणत नव्हते. ट्रान्स फॅटचं दुखणं जगालाच उशिरा कळलं, संपादकाला कुठून कळणार होतं? मी शाळेत ३१ वर्षं गृहशास्त्र शिकवलं. आमच्या पाठ्यपुस्तकातही वनस्पती तूप होतंच.

पण तुमचा दुसरा मुद्दा खरा आहे आणि मला तो आणखी पुढे न्यायचा आहे. दिवाळी अंकात डाव्या पानावर पाकातले लाडू आणि उजव्या पानावर "मधुमेह मुळापासून बरा" अशी चौकट मी स्वतः पाहिली आहे. १९५४ सालच्या औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवरील कायद्याने मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करताच येत नाही. अशी चौकट घेणाऱ्या अंकाला मी पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. माझ्या मोठ्या बहिणीने असंच काहीतरी वाचून गोळ्या बंद केल्या होत्या आणि महिन्याभरात तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. मिक्सरची जाहिरात कितीही छापा हो, पण ही नको.

पोळपाट

बाई, बहीण आता बरी आहे ना?

वऱ्हाडी_ठेचा

हो, ठणठणीत आहे. रोज चार किलोमीटर फिरते आणि मला रागावते.

छापखाना

धागा वाचून राहवलं नाही. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात आणि नंतर एका मासिकाच्या जाहिरात विभागात मिळून २२ वर्षं काढली. आतली बाजू लिहितो.

दिवाळी अंक हा प्रकार १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने रुजवला आणि जाहिरात तेव्हापासून त्याच्या पाठीशी आहे. १९२० मध्ये निघालेलं 'किर्लोस्कर खबर' तर कारखान्याचंच मुखपत्र होतं, पुढे त्याच घरातून १९३० साली 'स्त्री' मासिक आलं. म्हणजे आपली मासिकं आणि व्यापार ही पहिल्यापासून एका घरातली भावंडं आहेत.

आता हिशोब. अंकावर छापलेली किंमत तुमच्या खिशातून जाते, पण त्यातला मोठा वाटा विक्रेता आणि वितरक यांच्या कमिशनला जातो. न खपलेले अंक परत येतात, ते रद्दीच्या भावाने जातात. कागद रोख, शाई रोख, बाइंडरची मजुरी रोख. पाककृतीच्या अंकाला तर रंगीत फोटो आणि आर्ट पेपर लागतो, कारण काळा-पांढरा गुलाबजाम कोणी विकत घेत नाही. हे सगळं जाहिरातीतूनच भागतं. मलपृष्ठ सगळ्यात महाग, मग कव्हरच्या आतल्या बाजू, मग मधली रंगीत पानं, शेवटी आतली साधी पानं. आषाढातच फिरायला सुरुवात करायची. सहकारी बँक, पतसंस्था, सराफ, साडीचं दुकान, साखर कारखाना. "हार्दिक शुभेच्छा" एवढीच जाहिरात असते, ती केवळ ओळखीपोटी मिळते. आणि पैसे? पैसे होळीपर्यंत येतात, कधी पुढच्या गणपतीलाही नाहीत.

कोथिंबीरवडी ताईंचं भोकाचं कोडंही सांगतो. मासिकाची पानं सोळा-सोळाच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं अशी, छापली जातात. कूपनच्या पाठीमागे काय येतंय हे मांडणी करणाऱ्याने बघायचं असतं. आमचे फोरमन कूपनच्या मागे नेहमी दुसरी जाहिरात टाकायचे. म्हणायचे, "बाईच्या हातची कात्री लेखावरून फिरली तर शिव्या आपल्याला." तुमच्या अंकात कोणीतरी घाईत होतं.

पाककृतीत नाव घुसवायचा प्रकार माझ्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत वाढला. एजन्सीचा माणूस सांगायचा, पान नको, दहा पाककृतींत नाव हवं. वाचक पान उलटतो, साहित्याची यादी मात्र बोट ठेवून वाचतो. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं, म्हणूनच मला ते चुकीचं वाटायचं. एकदा एका ज्येष्ठ लेखिकेच्या आमटीत तिला न विचारता मसाल्याचं नाव घातलं गेलं. अंक हातात पडल्यावर त्या स्वतः कार्यालयात आल्या. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "माझ्या आमटीत मी काय घालते ते मला विचारायचं होतं." मी त्या दिवशी जेवलो नाही.

मुक्काम_डोंबिवली

@छापखाना, अंगावर काटा आला. यावर स्वतंत्र लेख लिहा ना, प्लीज.

आगळ

मडगावहून लिहितोय. आमच्याकडची एक तक्रार: मासिकात 'गोवन करी' छापतात आणि साहित्यात नारळाच्या दुधाचं पाकीट, तयार करी पेस्ट. अहो, हुमणाला, म्हणजे आमच्या माशांच्या आमटीला, नारळ खवून, मिरची, धने, हळद घालून ताजं वाटण लागतं, बांगडा असेल तर तिरफळ लागतं. तिरफळाची कोणी जाहिरात देत नाही म्हणून ते पाककृतीतून गायब! हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या मागे कंपनी नाही ते साहित्य हळूहळू छापील पाककृतीतून नाहीसं होतं. आंबाडे, बिंबल, रानातली अळंबी, पावसातलं तायकिळो. माझ्या मुलीला यातली अर्धी नावं माहीत नाहीत, तीन प्रकारच्या चीजची नावं मात्र पाठ आहेत.

दाणेकूट

@आगळ, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझा आधीचा प्रतिसाद थोडा मागे घेतो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे जवस, अंबाडी आणि तरोटा. सेम टू सेम. जवसाला मात्र आता बरे दिवस आलेत, डबीत भरून चौपट भावाने.

चार्ल्सकाठी

बोस्टनजवळ राहते. इथलं उदाहरण द्यायला हवंच, कारण जाहिरातीशिवाय पाककृतीचं मासिक चालू शकतं हे मी डोळ्यांनी पाहतेय. 'कुक्स इलस्ट्रेटेड' १९९३ मध्ये अशाच स्वरूपात सुरू झालं: एकही जाहिरात नाही, सगळा पैसा वर्गणीदारांचा. आत रंगीत फोटोही नसायचे, काळी-पांढरी चित्रं. पण एकच पदार्थ अनेकदा करून बघितलेला, कुठे चुकलं तेही लिहिलेलं. भांडी आणि जिन्नस यांची चाचणी करून नाव घेऊन चांगलं-वाईट सांगतात, कारण कोणाचं मीठ खाल्लेलं नाही.

दुसरी बाजूही सांगते. १९४१ पासून चाललेलं 'गूर्मे' हे देखणं मासिक २००९ मध्ये कंपनीने बंद केलं. मंदीत जाहिराती आटल्या होत्या. वाचक होते, प्रेम होतं, तरी बंद. म्हणजे जाहिरातीवर उभं असलेलं घर जाहिरातीबरोबरच पडतं. मी तेव्हा नवीनच इथे आले होते, लायब्ररीतून त्याचे अंक आणून इंग्रजी भाज्यांची नावं शिकायचे. खूप वाईट वाटलं होतं.

छापखाना

@चार्ल्सकाठी, उत्तम माहिती. पण मराठीत वर्गणीवर असा अंक काढायचा तर किती जण वर्षाचे पैसे आधी भरतील? एका अंकाला हजार रुपये द्याल का? अगदी प्रामाणिकपणे विचारतोय.

पोळपाट

हजार नाही देणार. पाचशे देईन, प्रत्येक पाकृ तीनदा करून बघितलेली असेल तर.

खलबत्ता

मी हजार देईन. हॉटेलात एका जेवणाचे जातात तेवढे.

मुक्काम_डोंबिवली

आमच्याकडे चार शेजारणी मिळून एक अंक घेतो. अडीचशे प्रत्येकी. जमेल!

मेतकूट

मी जाहिरात देणारी आहे, म्हणून लिहू की नको असं चाललं होतं. माझा छोटा गृहउद्योग आहे: मेतकूट, थालिपीठाची भाजणी, डांगर, पापडाचं पीठ. नवऱ्याची नोकरी गेल्यावर चार बायकांना घेऊन सुरू केला. दोन वर्षं गल्लीबाहेर गिऱ्हाईक नव्हतं. मग मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि मणी सोडून बाकीचं गहाण ठेवून एका पाककृती अंकात पाव पान घेतलं. फोटो नाही, फक्त चौकट, नाव आणि फोन नंबर.

अंक बाजारात आला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन. नांदेडहून एक आजी. म्हणाल्या, "माझा नातू तापातून उठलाय, त्याला मऊ भाताबरोबर मेतकूट हवंय आणि मला आता दळायला होत नाही." कुरिअरचा खर्च मेतकुटापेक्षा जास्त होता, तरी पाठवलं. त्या आजी आता नाहीत, पण त्यांची सून अजून मागवते. त्या एका चौकटीवर पहिल्या दिवाळीत पन्नास किलो भाजणी गेली.

मोठ्या कंपन्यांवर राग काढताना एवढं लक्षात ठेवा की त्याच अंकात मागे कुठेतरी आमचं पाव पान असतं. पान उलटताना एकदा नजर टाका. मला पाककृतीत नाव नको, ते मला परवडणारही नाही. चौकट पुरे.

कोथिंबीरवडी

मेतकूट ताई, बरं झालं लिहिलंत. उद्यापासून मागची पानं आधी वाचणार.

आगळ

+१००. चौकट आणि घुसखोरी यातला फरक यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

खलबत्ता

थोडं अवांतर. मासिकं तरी बरी म्हणायची वेळ आलीय. व्हिडिओवर पाककृती बघा: ताई कढईचं कौतुक पाच मिनिटं करतात आणि मग कांदा चिरतात. पैसे किंवा वस्तू घेऊन कौतुक केलं असेल तर तसं ठळक लिहावं असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये काढले आहेत. छापील अंकांसाठीही प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत जाहिरात आणि मजकूर वेगळे ओळखू आले पाहिजेत असं आहेच. तर साहित्याच्या यादीत पैसे घेऊन नाव टाकलं की त्या पानावर 'प्रायोजित पाककृती' असं छापा. वाचक ठरवेल.

छापखाना

हे मात्र सहज करण्यासारखं आहे. एक शब्द, तोही ठळक टाइपात. खर्च शून्य. माझ्या ओळखीचे दोन संपादक अजून कामात आहेत, त्यांना हा धागा पाठवतो. पण पत्र गेलं तर जास्त चांगलं. संपादकाला वाचकाचं पत्र दाखवून जाहिरातदाराशी बोलता येतं, नुसतं स्वतःचं मत सांगून नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मसुदा मी करते. तीनच मागण्या ठेवूया: प्रायोजित पाककृतीवर तसं लिहा, पाकिटाऐवजी काय घालायचं ते द्या, रोग बरे करण्याच्या जाहिराती घेऊ नका. सह्यांसाठी नावं कळवा.

पोळपाट

माझी सही धरा. आणि चौथी मागणी: कूपनच्या मागे चकली छापू नका.

आगळ

😄 सही माझीही.

चार्ल्सकाठी

माझी आणि इथल्या मंडळातल्या सहा जणींची धरा. आणि कोथिंबीरवडी, मूळ प्रश्न राहिला की! मोहन किती होतं? इतक्या सुगरणी जमल्यात आणि कोणी सांगितलंच नाही.

मेतकूट

अरेच्चा, खरंच की. भाजणीचं प्रमाण काय दिलंय अंकात?

कोथिंबीरवडी

तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, पोहे अर्धी, धने अर्धी, जिरे पाव.

मेतकूट

उत्तम प्रमाण आहे, माझं जवळपास हेच. आता उकडीचं. एक वाटी भाजणीला एक वाटी पाणी आणि एक मोठा चमचा तेल. पाण्याला उकळी आली की तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ आणि तेल, मग गॅस बंद करून भाजणी घाला, ढवळा, झाकण ठेवून अर्धा तास विसरा. तेल वाढवलं तर चकली कढईत विरघळते, कमी पडलं तर दाताला लागते. एकदम सगळं पीठ मळू नका. एका घाण्याचं मळा, तळा, मग पुढचं. आधी एकच चकली सोडून बघा.

कोथिंबीरवडी

आईला फोनवर धागा वाचून दाखवला, सगळा. मेतकूट ताईंच्या आजींपाशी ती थांब म्हणाली, पुन्हा वाचायला लावलं.

मग म्हणाली, ती कूपनवाली पुस्तिका आली होती, देवघराच्या खणात आहे. मी लगेच फोटो मागितले. छोटी, स्टेपल मारलेली बत्तीस पानी पुस्तिका. प्रत्येक पाककृतीत त्या कंपनीच्या वनस्पती तुपाचं नाव, आणि प्रत्येक ठिकाणी आईने शिसपेन्सिलीने ते खोडून वर लिहिलंय, "साजूक" किंवा "गोडेतेल". कुठे कुठे "अर्धेच पुरे". शेवटच्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात चकली, तारीख नाही. मोहन: "वाटीला १ मोठा चमचा, कडकडीत नको."

मेतकूट ताई, तुमचंच प्रमाण. शनिवारी सांगलीला जातेय, भाजणी तुमच्याकडूनच मागवते. दोन किलो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते.

मेतकूट

उद्या दळणार आहे, ताजीच पाठवते. आईंना नमस्कार सांगा.